कॅरोटिडिनिया

कॅरोटिडिनिया म्हणजे मानेतील कॅरोटिड धमनीच्या (ग्रीवा रोहिणीच्या) जागी, बहुधा एकाच बाजूस, होणारी वेदना. जबड्याच्या कोनाखाली, जेथे ही धमनी दोन शाखांत विभागते, तेथे दाबल्यास दुखते. कळ कधी कानापर्यंत जाते. टेंपल फे या अमेरिकी मेंदूशल्यविशारदांनी १९२७ मध्ये तिचे वर्णन केले. हा स्वतंत्र आजार की केवळ लक्षण, हा वाद मात्र मिटला नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ च्या वर्गीकरणात दिलेले स्थान २००४ मध्ये काढून घेतले. २०१७ मध्ये ४७ रुग्णांच्या अभ्यासावरून 'टिपिक सिंड्रोम' हे नाव पुढे आले. त्यात धमनीभोवतीचा तात्पुरता दाह अभिप्रेत आहे.

सोनोग्राफीतील निदान

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीचीच असते. दुखऱ्या जागीच धमनीच्या बाहेरील अंगाला, एका बाजूस अधिक जाड असा काळसर थर दिसतो; पोकळी मात्र फारशी अरुंद होत नाही आणि डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह सहसा सुरळीत आढळतो. मेदाचा थर आतील बाजूस साचतो, तर ताकायासू आजारात भिंत सर्व बाजूंनी व लांबवर जाड होते. सुजलेली लसिकाग्रंथी किंवा थायरॉइडचा दाहही याच तपासणीत कळू शकतो.

खरी भीती धमनीची भिंत आतून फाटण्याची असते, कारण त्यातून पक्षाघात होऊ शकतो. अशी फाट अनेकदा कवटीच्या तळाजवळ असते आणि जबड्याच्या हाडाआड प्रोबला ती दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी निर्दोष आली तरी अचानक तीव्र वेदना, एका बाजूची पापणी उतरणे, बाहुली लहान होणे, हातापायांत अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे यांपैकी काही असल्यास सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी तातडीने करावी लागते.

टिपिकमधील वेदना साधारण दोन आठवड्यांत, आपोआप किंवा दाहशामक औषधांनी, ओसरते. थर ओसरल्याची खात्री पुन्हा सोनोग्राफी करून घेतात.

महाराष्ट्रातील कायदेशीर बाजू

गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. गर्भलिंग ओळखण्याची क्षमता असलेल्या सोनोग्राफी यंत्राची नोंदणी त्याखाली आवश्यक आहे, मग ते मानेसाठी वापरले जात असले तरी. २०१२ च्या नियमबदलानुसार सुवाह्य यंत्र नोंदणीकृत जागेतील दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. त्यामुळे पालघर तालुक्यातील केळव्यासारख्या किनारी गावात डॉक्टरांना ते यंत्र रुग्णाच्या घरी नेता येत नाही. रुग्णालाच नोंदणीकृत केंद्र गाठावे लागते. गर्भवतींच्या तपासणीसाठी भरावयाचा 'एफ' नमुना मानेच्या रुग्णाला लागू नाही.