मधला स्पीकर मधेच का हरवला होता?

दिवाळीच्या सुट्टीत चिखलीला घरी गेलो, तेव्हा आबांनी तक्रार केली, "आवाज तं लय येते, पन बोलनं काही समजत नाही बापा."

मी भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय, त्यामुळे घरातलं प्रत्येक रुसलेलं यंत्र माझ्याच गळ्यात पडतं. हे होम थिएटर तर मीच जोडलेलं. मधला स्पीकर डाव्या-उजव्यांच्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला. तिघांच्या आवाजाची पातळीही मोजून सारखी केलेली. कागदावर सगळं जुळत होतं. मग मी सोपं उत्तर दिलं: "आबा, वय झालंय, कान तपासून घेऊ."

ते उत्तर अर्धंच बरोबर होतं. उरलेलं अर्धं शोधायला मला सुमारे ९० वर्षं मागे जावं लागलं. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ही वाट तुमच्याही कामाची आहे.

सुरुवात आबांच्याच आठवणीपासून करू. त्यांच्या तरुणपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. "एकच भोंगा राहे पडद्यामांगं. कुठंबी बसा, बोलनं तोंडातूनच निघाल्यावानी वाटे." मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला, तेव्हापासून आपल्याकडे बोलपट असाच ऐकला गेला: एकच वाहिनी. म्हणजे लक्षात घ्या, सिनेमात मधला आवाज आधी आला. डावा आणि उजवा नंतर आले.

आवाज पसरवायची कल्पनाही त्याच काळातली. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइनने १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनीसाठी पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने २७ एप्रिल १९३३ ला एक मोठा प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनमध्ये बसले होते. मधे टेलिफोनच्या तारा. त्यांनी वाहिन्या किती वापरल्या? तीन. डावी, मधली, उजवी.

दोनवर का भागलं नाही? याचं उत्तर तुम्ही स्वतः गणिताने काढू शकता. समजा तुम्ही खोलीच्या मधोमध न बसता डावीकडे बसलात. डावा स्पीकर २ मीटरवर, उजवा ३ मीटरवर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे उजवा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात हेच तपासलं होतं. अशा थोडक्या उशिरात कान पहिल्या आवाजाचीच दिशा धरतो. नंतरचा आवाज काहीसा मोठा असला, तरीही. त्यामुळे मधोमध बसलेल्याला नायक पडद्याच्या मध्यातून बोलतो, आणि कडेला बसलेल्याला तोच नायक डाव्या पेटीतून बोलतो. थोडक्यात, मधली वाहिनी ही कडेला बसणाऱ्यांची सोय आहे.

थिएटरांनी हे ओळखलं. १९५३ च्या 'द रोब' या सिनेमास्कोप चित्रपटात पडद्यामागे तीन वाहिन्या होत्या आणि चौथी प्रेक्षागृहासाठी. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला, तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हात तो ७० मिमी पडद्यावर सहा ट्रॅकच्या आवाजात ऐकता आला. तंबूतल्या प्रेक्षकाला मात्र एकच भोंगा. पण शब्द कळायचे, कारण भोंगा पडद्यापाशी होता.

मग घरात हा मधला स्पीकर हरवला कसा? याला कारण तबकडी. १९५८ च्या सुमाराला स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. तबकडीच्या खाचेला भिंती दोनच, म्हणून वाहिन्याही दोनच. कानांना दोन पुरतात असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. खाचेत तेवढंच मावत होतं. पुढच्या पिढ्यांना मात्र 'दोन' हाच निसर्गनियम वाटू लागला. १९८२ मध्ये घरांसाठी डॉल्बी सराउंड आलं, त्यातही मधली वाहिनी नव्हती. ती परतली १९८७ च्या प्रो लॉजिकबरोबर.

परतली, पण आडवी होऊन. थिएटरचा पडदा छिद्रांचा असतो, त्यामुळे त्याच्यामागे तिन्ही स्पीकर सारखेच आणि उभे ठेवता येतात. टीव्हीच्या काचेमागे काय ठेवणार? म्हणून घरातला मधला स्पीकर आडवा करून टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायची पद्धत पडली. हा आकार कानांनी ठरवला नाही, फर्निचरने ठरवला.

आता आमच्या बैठकीत या. आमच्या मधल्या स्पीकरमध्ये दोन वूफर आहेत आणि त्यांच्या मधे ट्वीटर. दोन वूफरच्या केंद्रांमधलं अंतर ३० सेंटिमीटर. आबांचा दिवाण भिंतीला लागून, मधल्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर. तिथून एक वूफर दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर लांब पडतो. १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण ११४० हर्ट्झच्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी. त्या वारंवारतेला दोन्ही वूफर एकमेकांचा आवाज बऱ्याच अंशी मारून टाकतात. शब्द ओळखायला कान ज्या पट्ट्यावर विसंबतो, त्यातच हा खड्डा. वयाने आबांना वरचे स्वर आधीच कमी ऐकू येतात, त्यात ही भर.

आणि मी पातळी कुठे मोजली होती? मधल्या सोफ्यावर. म्हणजे माझ्या जागेवर.

जुळवणी म्हणजे नाव आणि पातळी एवढंच नव्हे. तोच माणूस डावीकडून चालत उजवीकडे गेला, तर त्याचा आवाज वाटेत बदलता कामा नये, आणि हे खोलीतल्या प्रत्येक खुर्चीवरून खरं ठरलं पाहिजे. सगळ्यात उत्तम म्हणजे पुढचे तिन्ही स्पीकर एकसारखे, एकाच उंचीच्या आसपास. ते जमत नसेल तर मधला उभा करा. वूफर एकावर एक आले, की कडेला बसलेल्यालाही दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर पडतात. स्पीकर खाली असेल, तर त्याचं तोंड कानांच्या दिशेने थोडं वर करा. रिसीव्हरमधली अंतरं आणि पातळी त्यानंतर लावा.

मी टीव्ही भिंतीवर थोडा वर चढवला आणि स्पीकर उभा केला. मग वर्तमानपत्रातली वाक्यं बहिणीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून आबांना दोन्ही मांडण्यांत ऐकवली. स्पीकरवर चादर टाकलेली, म्हणजे कुठली मांडणी आहे हे त्यांना दिसायला नको. पातळी त्यांच्या दिवाणावर मोजून दोन्ही वेळा सारखी ठेवली, कारण मोठा आवाज नेहमीच जास्त स्पष्ट वाटतो. उभ्या मांडणीत आबांनी जास्त वाक्यं बरोबर सांगितली. एक माणूस, एक खोली. यावर शोधनिबंध होत नाही. आणि कानांची तपासणीही आम्ही करून घेतली, तीही गरजेची होतीच.

तरी मला खटकतं ते माझं पहिलं उत्तर. माझी मोजणी बरोबर होती, फक्त चुकीच्या जागी बसून केलेली होती, आणि दोष मी आबांच्या कानांवर टाकला. पुढच्या वेळी एखाद्या शोधनिबंधातला पद्धतीचा भाग वाचाल, तेव्हा दोन गोष्टी जरूर विचारा. ही पद्धत कुणाच्या अडचणीतून रूढ झाली? आणि मोजणाऱ्याने मायक्रोफोन कुणाच्या खुर्चीवर ठेवला होता?