बुडालेली विमानं आणि जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द ऐकला की हल्ली मला थोडी धास्तीच वाटते. गावाकडच्या जुन्या दगडी देवळाला चकचकीत ऑइलपेंट फासलेला पाहिला, की भक्ती खरी आहे हे पटतं, पण त्या रंगाखाली टाकीचे घाव गेले ते गेलेच. जुनी वस्तू वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळला तो बुडालेल्या विमानांबद्दल वाचताना.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला शिकाऊ वैमानिकांसाठी विमानवाहू जहाज हवं होतं. समुद्रात जर्मन पाणबुड्यांची भीती. मग त्यांनी मिशिगन सरोवरातच सोय केली. बाजूला चाकं असलेल्या दोन जुन्या प्रवासी आगबोटी घेतल्या, त्यांच्यावर सपाट डेक बसवला आणि नावं ठेवली वुल्व्हरीन आणि सेबल. कोळशावर चालणाऱ्या या बोटींवर सतरा हजारांहून अधिक वैमानिक डेकवर उतरायला शिकले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश त्यांतलेच एक. शिकताना चुका व्हायच्याच. शंभराहून अधिक विमानं सरोवरात पडली. बहुतेक वैमानिकांना बाहेर काढलं, विमानं मात्र तळाशीच राहिली.

गंमत म्हणजे याच अपघातांमुळे ती टिकली. युद्ध संपल्यावर हजारो धडधाकट विमानं भंगारात गेली आणि वितळवली गेली. पाण्यातली वाचली! गोडं आणि थंड पाणी, मीठ नाही, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम फारसं कुजलं नाही. गेल्या काही दशकांत मात्र बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी तळातल्या वस्तूंवर जाड थर चढवलाय. तेव्हा 'आहे तिथेच सुखरूप आहे' असंही आता म्हणता येत नाही.

वर काढलेल्या विमानांपैकी एक वाइल्डकॅट मी शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर पाहिलं. विमानतळाला ज्यांचं नाव आहे त्या बुच ओ'हेअर यांच्या विमानाचं रूप त्याला दिलंय. फेब्रुवारी १९४२ मध्ये लेक्सिंग्टन या जहाजाचं रक्षण करणारे हे वैमानिक १९४३ मध्ये युद्धातच गेले. पण हे विमान त्यांचं नव्हे. नाटकात एखाद्याने दुसऱ्याचा पोशाख घालून उभं राहावं, तसं ते उभं आहे. दिसतं देखणं. पण त्याची स्वतःची गोष्ट कोणती, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

दुसरं उदाहरण फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयातल्या डॉन्टलेसचं. याचा क्रमांक २१०६. ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत डॅनियल आयव्हर्सन यांनी ते चालवलं. त्यांच्या तुकडीतली निम्मी डॉन्टलेस परतलीच नाहीत. हे परतलं, अंगावर दोनशेहून अधिक भोकं घेऊन, आणि एका चाकावर उतरलं. ते दुरुस्त करून प्रशिक्षणाला पाठवलं, आणि जून १९४३ मध्ये एका शिकाऊ वैमानिकाच्या हातून ते मिशिगन सरोवरात पडलं. आयव्हर्सनही १९४४ मध्ये प्रशिक्षणाच्या काळातल्याच अपघातात गेले. विमान १९९० च्या दशकात वर आलं. भोकांवर ठोकलेली पत्र्याची ठिगळं हीच त्याची ओळख. ती घासून गुळगुळीत केली असती तर मागे एक छान डॉन्टलेस उरलं असतं, पण २१०६ उरलं नसतं.

तिसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाईत पडलेलं एक जर्मन डॉर्नियर १७ इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स इथे उलटं पडलं होतं. १० जून २०१३ ला ते वर उचललं. अडचण पुढेच होती. पाण्यात असेतो धातू कसाबसा तग धरतो, पण हवा लागली की आत मुरलेलं मीठ त्याला झपाट्याने खायला लागतं. म्हणून कॉस्फर्डच्या संग्रहालयात त्याचे भाग प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यांच्यावर सौम्य सायट्रिक आम्लाच्या पाण्याचा सतत फवारा मारला. लिंबातलंच हो हे आम्ल! इम्पिरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवून दिली. आणि ठरवलं काय, तर हे विमान नवंकोरं करायचं नाही. जसं सापडलं तसंच जपायचं.

मला हा निर्णय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्या डॉर्नियरमध्ये चार माणसं होती, दोन मेली, दोन कैद झाली. चकाकणाऱ्या विमानाकडे पाहून लहान मूल टाळ्या वाजवेल. मोडलेल्याकडे पाहून ते विचारेल, 'यातली माणसं कुठे गेली?' संग्रहालयात हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, नाही का? ओ'हेअरवरच्या वाइल्डकॅटनेही कुणाला तरी बुच ओ'हेअर कोण होते ते शोधायला लावलं असेल, हेही मान्य. पण एकदा घासून काढलेलं ठिगळ परत आणता येत नाही. रंग काय, तो उद्याही देता येतो.