उसने दात

दिवाळीचा फराळ पुढे आला, की माणसाचे खरे वय कळते. केस काळे करता येतात, चष्मा खिशात लपवता येतो. पण कडबोळ्याशी गाठ पडली, की कोणाचीच लबाडी चालत नाही. कोणी चिवड्यातले दाणे हळूच बशीच्या कडेला सारतो, कोणी चकली चहात बुडवून खातो आणि 'मला अशीच आवडते' असे वर सांगतो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे आपल्या पूर्वजांनी काही उगाच म्हटलेले नाही. तेव्हा सणाच्या दिवसांत दातांची कहाणी सांगितली, तर वाचकांनी ती अप्रस्तुत मानू नये. मात्र ही कहाणी आपल्या स्वतःच्या दातांची नाही. उसन्या दातांची आहे.

ही अडचण देवांनाही चुकली नाही. दक्षाच्या यज्ञात शिवगणांनी जो धुमाकूळ घातला, त्यात पूषा या देवाचे दात पडले, असे पुराणे सांगतात. पूषा बोळका, म्हणून त्याचा हविर्भाग पिठाचाच असावा, असे शतपथ ब्राह्मणातही आले आहे. केवढी ही काळजी! पुढे चरकसंहितेत अश्विनीकुमारांचा महिमा गाताना, त्यांनी पूषाचे पडलेले दात पुन्हा बरे केले, असा उल्लेख आहे. देवांच्या वैद्यांनी ते काम बहुधा फुकट केले असावे. माणसांच्या बाबतीत मात्र प्रत्येक उसन्या दाताची किंमत पडली. ती कोणी दिली, हाच या इतिहासातला मला सर्वांत जिवाला लागणारा प्रश्न वाटतो.

आज ज्याला आपण दातांचा ब्रिज म्हणतो, त्याचे पूर्वज पाहायचे तर इटलीत जावे लागते. रोमचे वैभव उदयाला येण्यापूर्वी त्याच्या उत्तरेस एट्रुस्कन लोकांची नगरे नांदत होती. हे लोक सोनारकामात मोठे वाकबगार. त्यांच्या थडग्यांत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कवट्या सापडल्या, त्यांतल्या काहींच्या पुढच्या दातांभोवती सोन्याच्या पातळ पट्टीची कडी आहेत. दोन्ही बाजूंच्या जिवंत दातांना कडी घालायची, मधल्या रिकाम्या कड्यात दुसरा दात बसवून तो सोन्याच्या खिळ्याने पक्का करायचा, अशी ही युक्ती. कल्पना हुबेहूब आजचीच: गेलेल्या दाताची जागा दोन शेजाऱ्यांनी सावरून धरायची. हे दागिने बहुतेक बायकांच्या जबड्यांत सापडले आहेत, आणि शुद्ध सोने इतके मऊ, की त्यावर कठीण पदार्थ चावणे अशक्यच. म्हणजे हत्तीप्रमाणे इथेही दाखवायचे दात वेगळे होते!

रोमन लोकांनी ही कला उचलली. इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमारास त्यांनी जे बारा पाट्यांचे कायदे केले, त्यांत प्रेताबरोबर सोने पुरू नये, असा नियम होता. पण त्याला एक अपवाद ठेवला होता. मृताचे दात सोन्याने बांधलेले असतील, तर ते तसेच पुरण्यास किंवा जाळण्यास हरकत नाही. राज्याच्या कायद्याने दंतवैद्यकाची दखल घेतल्याचे इतके जुने उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. माणूस मेल्यावर त्याच्या तोंडातले सोने उपटून काढू नये, एवढी माणुसकी त्या करड्या कायद्यातही होती.

पुढे अनेक शतकांनी ही माणुसकी मात्र आटली. अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांच्या घरी साखर रुळली आणि त्यांचे दात झपाट्याने किडू लागले. १७२८ साली पॅरिसच्या प्येर फोशार याने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या धंद्याला शास्त्राची प्रतिष्ठा आली. कारागिरी सुधारली, प्रश्न होता तो मालाचा. हस्तिदंत किंवा पाणघोड्याचा दात कोरून बसवावा, तर तो तोंडात पिवळा पडे, कुजे आणि त्याला घाण येई. माणसाचा दातच सर्वांत चांगला. तो आणायचा कोठून? उत्तर सोपे होते: ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या तोंडातून.

लंडनचा नामांकित शल्यविशारद जॉन हंटर याने एकाचा ताजा दात उपटून दुसऱ्याच्या हिरडीत रोवण्याच्या प्रयोगांना आपल्या नावाचे वजन दिले. त्यावर टॉमस रोलंडसनने १७८७ साली एक व्यंगचित्र काढले. त्यात एका श्रीमंत बाईसाठी धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटला जात आहे, आणि ज्यांचे दात आधीच विकले गेले ती फाटकी मुले गालावर हात ठेवून दाराबाहेर पडत आहेत. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधली फांतीन आपल्या मुलीसाठी पुढचे दोन दात चाळीस फ्रँकांना विकते, तो प्रसंग ज्यांनी वाचला असेल त्यांना तो कादंबरीकाराचा अतिरेक वाटला असेल. तो अतिरेक नव्हता.

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचीच गोष्ट घ्या. १७८९ साली त्याने शपथ घेतली, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची कवळी लाकडाची होती, ही दंतकथाच! जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने ती पाणघोड्याच्या दातापासून कोरली होती आणि तिच्यात माणसाचे दातही बसवले होते. वरचा-खालचा भाग स्प्रिंगांनी जोडलेला. त्यामुळे जबडा सदैव आवळून धरावा लागे, नाहीतर तोंड आपोआप उघडायचे. अमेरिकेच्या एका डॉलरच्या नोटेवर त्याचे घट्ट मिटलेले ओठ आजही दिसतात. पण त्या नोटेहून बोलका कागद त्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. मे १७८४ मध्ये नऊ दातांसाठी नीग्रोंना सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची नोंद तीत आहे. हे नीग्रो म्हणजे गुलाम. ते दात धन्याच्याच तोंडात गेले, असे ती नोंद म्हणत नाही. पण ज्याच्या शरीरावर त्याची स्वतःचीच मालकी नाही, त्याने दात 'विकला' म्हणजे काय केले? आपल्याकडे आपलेच दात आणि आपलेच ओठ, असे म्हणतात. इथे ओठ एकाचे आणि दात दुसऱ्याचे होते.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या मैदानावर नेपोलियन हरला, हे आपण शाळेत शिकलो. लढाईनंतर पक्कडी घेऊन त्या मैदानात उतरलेल्या लोकांबद्दल मात्र शाळेत कोणी सांगितले नाही. मेलेली पोरे तरुण, त्यांचे दात निरोगी; ते उपटून पोत्यांनी विलायतेत गेले आणि हस्तिदंती बैठकीवर चढून सभ्य गृहस्थांच्या तोंडात शोभू लागले. 'वॉटर्लूचे दात' असेच त्यांना नाव आहे. बारा पाट्यांच्या कायद्याने मृताच्या तोंडाला दिलेले संरक्षण अखेर असे संपले.

सुदैवाने सुटकेची वाट आधीच सापडली होती. पॅरिसचा औषधविक्रेता द्युशातो आपल्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळला होता. १७७४ साली त्याने चिनी मातीची कवळी भाजून घेतली. भट्टीत माती आकसते, त्यामुळे पहिले प्रयत्न फसले; पण मार्ग दिसला. १८०८ मध्ये फोंझी या इटालियनाने प्लॅटिनमची आकडी असलेले सुटे चिनी मातीचे दात पॅरिसमध्ये सादर केले. कपबशीच्या भावंडाने गरिबाची दंतपंक्ती वाचवली, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर पुलाचा जमाना आला. माझ्याही खालच्या दाढांत गेली कित्येक वर्षे एक पूल आहे, म्हणून त्याची रचना मी जरा आपुलकीने सांगतो. गेलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूकडून घासून लहान करतात, त्यांवर टोप्या बसवतात आणि त्या टोप्यांना जोडलेली खोटी दाढ मध्ये तरंगती राहते. टोपी अचूक बसणे, हीच यातली मेख. ती मेख १९०७ साली अमेरिकेच्या विल्यम टॅगर्टने सोडवली. मेणाचा नमुना करायचा, त्याला मातीचे कवच द्यायचे, मेण जाळून काढायचे आणि त्या पोकळीत सोने ओतायचे. आपले ओतारी हे ऐकून हसतील! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच रीत वर्णिली आहे. तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. देवाच्या मूर्तीची विद्या दाढेच्या कामी आली, एवढेच. पुढे १९६२च्या सुमारास धातूइतकीच फुगणारी-आकसणारी चिनी माती तयार झाली, आणि सोन्याच्या दाताला दातासारखा रंगही लाभला.

म्हणजे आता किंमत कोणालाच पडली नाही काय? पडली, ती दोन शेजारी दातांनी दिली. माझे दोन धडधाकट दात घासले गेले, आणि दातावरचे कवच एकदा गेले की पुन्हा येत नाही. हीदेखील किंमत वाचवण्याचा ध्यास दंतवैद्यांनी घेतलेला दिसतो. १९८०च्या सुमारास मेरिलँड विद्यापीठाच्या नावाचा जो पूल निघाला, तो शेजारच्या दातांच्या पाठीला नुसते पंख चिकटवून उभा राहतो. स्वीडनच्या ब्रोनमार्कने तर १९६५ साली टायटॅनियमचा खुंट माणसाच्या हाडातच रोवला. तिथे शेजाऱ्याला हातही लावावा लागत नाही. अर्थात ते काम खर्चाचे, म्हणून पूल अजून नाहीसा झालेला नाही.

या पुलाखालून रोज रात्री दोरा ओवून तो साफ करावा, अशी मला डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. खोट्या दाढेला कीड लागत नाही. लागते ती तिला खांद्यावर घेतलेल्या दोन खऱ्या दातांना. पूर्वी मला त्याचा कंटाळा येई. पण तो धुराड्यातला पोर, ते नऊ दात आणि वॉटर्लूची शेते वाचल्यापासून येत नाही. माझ्या उसन्या दाढेसाठी कोणाचे तोंड रिकामे झालेले नाही. जे काही ओझे आहे, ते माझ्याच दोन दातांवर आहे. त्यांची निगा राखणे एवढे तरी आपल्या हातात असावे ना?

असो. कडबोळी गार होऊन अधिक कठीण होण्याआधी वाचकांनी बशीकडे वळावे. ज्यांचे बत्तीसही जागेवर आहेत, त्यांनी ती खुशाल कडाकडा फोडावीत. आम्ही पूलवाले डाव्या बाजूने, सावकाश चावून येतोच मागून.