तांबडी हाडे

हाड म्हणजे शरीराच्या इमारतीतला दगडी खांब, एकदा उभा राहिला की कायमचा, असाच आपला समज असतो. त्याला पहिला धक्का बसला तो एका जेवणाच्या ताटात. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चिअर हे कापडछपाईच्या एका कारखानदाराकडे जेवावयास गेले असता डुकराच्या मांसातली हाडे त्यांना तांबडी दिसली. छापलेल्या कापडाच्या कोऱ्या भागावरचा मंजिष्ठेचा रंग काढण्यासाठी ते कोंड्याबरोबर उकळीत, आणि तो रंगलेला कोंडा डुकरांना घालीत. बेल्चिअरांनी १७३६ साली हे प्रसिद्ध केले. (कोंडा उकळणाऱ्या हातांची नावे कोण लिहून ठेवतो!)

पुढे फ्रान्सात द्युआमेल यांनी जनावरांना काही दिवस मंजिष्ठ चारली, काही दिवस बंद केली. हाडांत तांबडे-पांढरे थर आळीपाळीने दिसले. रंग धरते ते नवे हाड. पण हाड बाहेरून चढते, तर आतली पोकळी रुंदावते कशी? लंडनच्या जॉन हंटर यांनी डुकरांवरच प्रयोग करून सांगितले की एकीकडे भर पडते, त्याच वेळी दुसरीकडे जुने हाड शोषले जाते. शोषणारा कोण, हे १७९३ साली ते वारले तेव्हाही अज्ञातच होते. १८७३ साली कोलिकर यांनी हाड विरघळविणाऱ्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशींकडे बोट दाखविले.

गोठ्यात याचा हिशेब रोज चालतो. गाय व्याली की दुधावाटे कॅल्शियम भराभर जाऊ लागते. तेवढे चाऱ्यातून भागत नाही, तेव्हा उरलेले ती आपल्या हाडांतून काढून देते.