‘नॅनो’ फिल्टरनं पाण्यातली चिवट रसायनं जातात का? चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या गावांसाठी माहिती

आळंदीत इंद्रायणीवर फेस आला की फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. तो फेस मुख्यतः सांडपाण्यातल्या साबण-डिटर्जंटचा असतो, आणि निदान दिसतो तरी. भोसरी-चाकणसारख्या पट्ट्यात प्लेटिंग, रंगकाम, सुटे भाग धुणं अशी कामं चालतात. अशा कामांतली काही रसायनं पाण्यात गेली तर ना रंग, ना फेस.

सगळ्यात चिवट म्हणजे ‘पीफास’. नॉनस्टिक भांडी, आग विझवायचा फोम, क्रोम प्लेटिंगच्या टाकीतले फवारे दाबायचं द्रव्य, यांत ती वापरली गेली. त्यांच्यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध उन्हाने किंवा जिवाणूंनी सहज तुटत नाही. पाणी उकळलं तर पाणी आटतं, रसायन राहतं. अमेरिकेने 2024 मध्ये यातल्या दोन रसायनांना लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या 2012 च्या आयएस 10500 मानकात कीटकनाशकांची मर्यादा आहे, पीफासची नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पदार्थ इतका बारीक केला की चिमूटभर मालाला प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि रसायन त्याला चिकटतं किंवा त्यावर मोडतं. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांनी एंडोसल्फान, मॅलाथिऑनसारखी कीटकनाशकं पाण्यातून काढून दाखवली; 2007 मध्ये त्यावरचा घरगुती फिल्टरही आला. लोखंडाचे नॅनोकण ट्रायक्लोरोइथिलिन मोडतात. धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरतात तेच हे द्रव्य.

पण 2009 चा ‘टाटा स्वच्छ’ बघा. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्राचा त्यात हात. भाताच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी. चांगलं काम, पण ते जंतूंसाठी. म्हणजे डब्यावर नुसतं ‘नॅनो’ लिहिलंय यावरून काहीच कळत नाही. विक्रेत्याला विचारा: कोणतं रसायन, किती टक्के, कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल?

पीफाससाठीचे नॅनो पदार्थ अजून बरेचसे प्रयोगशाळेतच आहेत. आज घरात कामाचा आरओ, काही प्रमाणात ॲक्टिव्हेटेड कार्बन. काडतूस वेळेवर बदललं तर. आरओ रसायन नष्ट करत नाही, सोडलेल्या पाण्यात ढकलतो. शंका असेल तिथं ते पाणी परसातल्या भाजीला घालू नका.

टीडीएस मीटरवर किंवा ग्रामपंचायतीच्या तपासणी किटवर हे दिसत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विहिरीच्या पाण्याचा अर्ज देताना ‘पीफास’ आणि ‘ट्रायक्लोरोइथिलिन’ ही नावं लिहूनच तपासणी मागा, आणि पोच घ्या.