पठाणात चांदीचा खिळा

हुपरीत चांदी पैंजणांत उतरते, घुंगरांत वाजते. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत हाच धातू सागवानात ठोकला जाई. जहाजाचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडला की पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा कोरीव खिळा बसवायचा. त्यावाचून जहाजाचं भलं होत नाही, ही श्रद्धा. 1816 साली ब्रिटिश नौदलाच्या ‘त्रिंकोमली’ या फ्रिगेटच्या पठाणात असा खिळा जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ठोकला.

वाडियांचं घराणं मूळ सुरतेचं. लवजी नसरवानजी 1736 मध्ये मुंबईत आले आणि पुढच्या पिढ्यांनी गोदीच आपलं घर केलं. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधला ओक कमी पडू लागला, तेव्हा नौदलाची नजर मलबारच्या सागवानाकडे वळली. ‘त्रिंकोमली’चे पहिले नकाशे तर मुंबईला पोहोचलेच नाहीत. ते घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज 1812 मध्ये अमेरिकनांनी ब्राझीलजवळ पाडाव केलं. नवे नकाशे आले, आणि अखेर 12 ऑक्टोबर 1817 रोजी फ्रिगेट पाण्यात उतरली.

सागवानात तेल असतं. ते लाकूड सडू देत नाही, लोखंडी खिळ्यालाही सांभाळतं. ओकमधलं आम्ल मात्र लोखंड खातं.

जमशेटजींची एक गोष्ट सांगतात. 1800 साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या पोटात, सहज दिसणार नाही अशा तुळईवर, हे जहाज एका ‘काळ्या माणसानं’ बांधलं आहे, असं त्यांनी कोरून ठेवलं होतं. तेही गोऱ्यांच्या तोंडची शिवी त्या शब्दांना जोडून! पुढे जहाज दुरुस्तीला परतल्यावर त्यांनी ती अक्षरं दाखवली. अपमान गिळलेल्या कारागिराची ही सही मनाला लागते.

‘त्रिंकोमली’च्या नशिबी मोडीत निघणं होतं. पण 1897 मध्ये एका धनिकानं ती विकत घेतली आणि ‘फुद्रोयाँ’ या नावानं ती 1986 पर्यंत मुलांना दर्यावर्दी शिक्षण देत राहिली. मग हार्टलपूलला तिची दुरुस्ती सुरू झाली, ती 1990 ते 2001 अशी तब्बल अकरा वर्षं.

अशा कामात सुताराचा कस लागतो तो कठड्याच्या पट्टीत आणि कडेच्या फळीत. जहाजाला सरळ रेघ जवळपास नसतेच. नवी फळी शेजारच्या जुन्या फळीला लावून बघायची, जिथं अडेल तिथं रंधा मारायचा, पुन्हा लावायची. बाक मोठा असला तर लाकूड वाफेनं मऊ करून घ्यायचं. घाईनं ठोकलेली पट्टी काही पावसाळ्यांत सांधा सोडते आणि पाणी आतल्या फासळ्यांत मुरतं. म्हणूनच जुनं लाकूड किती काढायचं, हे ठरवणं नवं बसवण्याहून जिकिरीचं.

हार्टलपूलला तिच्या मूळ सांगाड्यातलं बरंचसं मलबारी सागवान जागेवरच राहिलं. मुंबईच्या कामगारांनी बसवलेलं ते लाकूड घेऊन, ब्रिटनची सर्वांत जुनी तरंगती युद्धनौका म्हणून ती आज तिथल्या गोदीत उभी आहे.