आर्पांभर ऊस

मॉरिशस बेटावरून जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष उसाच्या मळ्यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, वेधून घेतात त्या मळ्यांत मधूनमधून उभ्या असलेल्या काळ्या दगडांच्या राशी. कोठे त्या लांबलचक बांधासारख्या पसरल्या आहेत, तर कोठे पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या बुटक्या शिखरांसारख्या उभ्या आहेत. ज्वालामुखीतून वर आलेले हे बेट. जमीन सुपीक खरी, पण नांगराचा फाळ टेकवावा तेथे दगड. हे सारे दगड माणसांनी हातांनी उचलले, डोक्यावरून वाहिले आणि रचले. त्या माणसांत सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडून गेलेली मराठी माणसेही होती. आपल्याकडे गिरमिटियांची कथा सांगतात ती बहुधा जहाजाच्या डेकवर सुरू होते आणि कोठडीतल्या माराशी संपते. त्या छळाबद्दल वाद नाहीच. परंतु त्यानंतर काय झाले, त्या मजुराने ज्या पिकासाठी स्वतःस विकले तेच पीक पुढे स्वतःच्या आर्पांभर तुकड्यात कसे घेतले, याची हकीकत आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. आर्पां हे फ्रेंचांनी मागे ठेवलेले माप. आपल्या एकराहून किंचित मोठे. बेट इंग्रजांकडे जाऊन शतके लोटली, तरी शेतकऱ्याच्या तोंडी हेच माप राहिले.

ऊस तेथे पहिल्याने नेला डचांनी, १६३९ मध्ये, जावाहून. त्यांना हवी होती ती साखर नव्हे, दारू. पुढे फ्रेंच अमदानीत १७४० नंतर ला बुर्दोने या गव्हर्नराने साखरेच्या धंद्याचा पाया घातला. पण बेटाचे सारे अंग उसाने भरून गेले ते १८२५ नंतर. त्या वर्षी इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली, आणि मळेवाल्यांनी रान तोडून ऊस लावण्याचा सपाटा लावला. राबण्यासाठी गुलाम होते. १८३५ च्या फेब्रुवारीत गुलामगिरी कायद्याने संपली; पण त्याआधीच, १८३४ च्या नोव्हेंबरात, ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईच्या धक्क्याला लागले होते. त्यानंतरच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या धक्क्याच्या पायऱ्या चढून गेली. बिहार व पूर्वेकडील मुलखातली सर्वांत अधिक, त्यांच्या खालोखाल तमिळ व तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली थोडी. हे ‘थोडे’ म्हणजेच आपले लोक. मराठी माणसाला तेथे ‘बोंबाये’ म्हणत. गाव पुसले गेले, जात पुसट झाली, राहिले ते बंदराचे नाव. आम्हां महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढलेल्या माणसांना हे नामांतर काही अपरिचित नाही. आमच्याही आडनावांपेक्षा आम्ही ‘कुठले’ हेच शेजाऱ्यांच्या अधिक लक्षात राहते.

करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापीत. या ‘दुहेरी काटी’ने कित्येक मजुरांच्या हाती महिनाअखेर काही उरतच नसे. करार संपला म्हणजे मोकळीक मिळाली असेही नाही. १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियालाही स्वतःचे छायाचित्र डकवलेला परवाना खिशात बाळगणे भाग पडले. तो नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या गृहस्थाने या जुन्या मजुरांच्या वतीने गव्हर्नराकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांची संमती होती. मळेवाल्यांनी त्या भल्या माणसाला मारहाणही केली. परंतु चौकशीसाठी विलायतेहून कमिशन आले ते त्या अर्जामुळेच.

मायदेशी परतण्याचे फुकट तिकीट १८५० नंतरच्या काही वर्षांतच बंद झाले होते. परतायचे तर पदरचे पैसे मोडून. तेव्हा गाठीला चार पैसे जमले की माणसाच्या मनात हिशोब सुरू होई : हे पैसे जहाजाला द्यावे, की जमिनीला? शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस या प्रश्नाचे उत्तर काय देणार, हे सांगावयास नको.

त्याला जमीन मिळाली ती मात्र कोणाच्या औदार्याने नव्हे. १८७० नंतर युरोपात बीटाच्या साखरेने बाजार भरला, भाव कोसळले, आणि मॉरिशसचे मळेवाले कर्जात बुडाले. तेव्हा त्यांनी आपल्या मळ्यांच्या कडेची, दगडाची, उताराची, पाणी न ठरणारी जमीन तुकडे पाडून विकावयास काढली. या वाटणीला तेथील इतिहासात ‘मोठी तुकडेवाटणी’ म्हणतात. लहान तुकडेवाटणी तीसचाळीस वर्षांपूर्वी, मुक्त झालेल्या गुलामांच्या वेळी झाली होती. मळेवाल्याचा डाव साधा होता. वाईट जमीन विकून रोख पैसा हाती यावा, त्या पैशातून कारखान्यात नवी यंत्रे बसवावी, आणि विकलेल्या जमिनीतला ऊस शेवटी आपल्याच कारखान्यात गाळपाला यावा. जमिनीचा धोका गेला, ऊस मात्र राहिला! मध्ये सरदार असे. सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. तो एकदम पन्नास आर्पां घेई आणि आपल्या टोळीतल्या माणसांना आर्पां-दोन आर्पां हप्त्याने देई, अर्थात नफा घेऊन. हप्ते थकले की तुकडा परत जाई. असे अनेकांचे गेले. ज्यांचे राहिले त्यांची संख्या मात्र इतकी झाली की १९२० च्या सुमारास बेटावरील उसाच्या जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जमीन हिंदी वंशाच्या लोकांच्या हाती होती.

या तुकड्यात ऊस कसा पिके, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण ऊस हे मोठ्या मळ्याचे पीक आहे, लहान माणसाने त्याच्या नादी लागू नये, असे मत फार जुने आहे. खुद्द कौटिल्याने पिकांची प्रतवारी लावताना भाताला पहिले स्थान दिले आणि उसाला शेवटचे. त्यात विघ्ने फार आणि खर्चही फार, हे त्याचे कारण. मॉरिशसच्या छोट्या ऊसकऱ्याने कौटिल्य वाचला नव्हता, पण विघ्न आणि खर्च दोन्ही तो पुरते जाणून होता. खर्चाला त्याच्याकडे उत्तर एकच : घरातली माणसे.

प्रथम दगड वेचावयाचे. वेचलेले दगड दोन ओळींच्या मधल्या जागेत रचावयाचे, म्हणजे त्यांचा बांधही होतो आणि वाहून नेण्याचे श्रमही वाचतात. मग नांगर चालत नाही तेथे कुदळीने खड्डे काढावयाचे, त्यांत शेणखताची पाटी रिती करावयाची आणि तीन डोळ्यांची टिपरी आडवी ठेवून माती लोटावयाची. पहिल्या वर्षी दोन ओळींत मका, भुईमूग, भाजी, काय निघेल ते काढावयाचे. ऊस उंच होईपर्यंत घरच्या चुलीला तेवढाच आधार. लागणीचा ऊस तयार व्हावयास दीड वर्षापर्यंत लागते. आपण ज्याला लागण म्हणतो त्याला तेथील क्रेओल बोलीत ‘कुमारी ऊस’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्यानंतर खोडवा, निडवा आणि पुढेही तोडीमागून तोड. आपल्याकडे तिसऱ्या तोडीला शेतकरी कुरकुरतो; तेथे सहा-सात तोडी घेणे ही सामान्य गोष्ट, कारण दगडांतून पुन्हा खड्डे काढण्याच्या कल्पनेनेच पाठ दुखू लागते.

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तोडणीचा हंगाम आपल्या उलट, जूनपासून डिसेंबरापर्यंत. तेव्हा उजाडण्यापूर्वी सारे घर शेतात. पुरुष कोयत्याने बुडख्याशी ऊस तोडी, बाई वाढे छाटून पाचट सोली, मुले मोळ्या वाहत. वाढे गाईला. दाराशी गाय असणे हे ऊसकऱ्याचे दुसरे भांडवल होते. तिचे दूध विकावयास, शेण खताला. बांधावरचे गवत कापून भारे आणणे हे बायकांचे रोजचे काम. आणि हे सारे आपल्या तुकड्यात करून त्याच घरातली एकदोन माणसे मोठ्या मळ्यावर मजुरीलाही जात असत. आर्पांभर उसावर घर चालत नाही, हे मळेवाल्याला ठाऊक होते. म्हणून तर तुकडा त्याने तेवढाच विकला होता.

आपल्या सातारी किंवा कोल्हापुरी शेतकऱ्याच्या हाती ऊस पिकल्यावर एक अस्त्र असे. ते म्हणजे गुऱ्हाळ. चरक फिरला, काहील चढली की त्याचा माल त्याच्या ताब्यात. बाजार पडला तर ढेपा चार दिवस माळ्यावर राहू शकतात. मॉरिशसच्या छोट्या ऊसकऱ्याचा ऊस जावयाचा तो कारखान्यातच. तोडलेला ऊस थांबत नाही, दिवसागणिक त्यातील गोडी उतरते, वजन घटते. आणि काटा कारखान्याचा. १९०२ मध्ये त्यावर आणखी एक घाला पडला. हिंदुस्थानातून आलेल्या जनावरांबरोबर ‘सुरा’ नावाचा गुरांचा रोग बेटावर पसरला आणि गाड्या ओढणारे बैल, खेचरे पटापट मेली. मोठ्या मळ्यांनी कर्ज काढून छोट्या रुळांच्या गाड्या घातल्या. लहान शेतकऱ्याने काय घालावे? त्याचा ऊस आता मध्यस्थाच्या हाती गेला. मध्यस्थ आगाऊ पैसे देई, ऊस गोळा करून कारखान्यावर पोचवी, आणि दोन्ही टोकांना आपली दस्तुरी घेई.

या जाचातून वाट काढण्याचा पहिला उपाय हिंदुस्थानातूनच गेला, याची नोंद आवर्जून केली पाहिजे. १९०९ च्या शाही कमिशनने सहकारी पतपेढ्यांची शिफारस केली, १९१३ मध्ये कायदा झाला, आणि त्या पेढ्या उभारण्यासाठी हिंदुस्थानच्या मुलकी सेवेतील विल्बरफोर्स नावाचा अधिकारी तिकडे पाठविण्यात आला. दख्खनच्या कर्जबाजारी कुणब्यासाठी जी युक्ति इकडे योजली जात होती, तीच त्याच्या समुद्रापार गेलेल्या भाऊबंदांसाठी योजली गेली. पेढ्यांनी खताला, बेण्याला कर्जे दिली. पण काटा आणि भाव या दोन गोष्टी पेढीच्या आवाक्याबाहेरच राहिल्या.

या दोन गोष्टींचा स्फोट झाला १९३७ मध्ये. निमित्त झाला ‘उबा’ नावाचा ऊस. उबा हा हिंदुस्थान-चीनकडील बारीक, काटक उसांच्या गोत्रातला. साखर कमी, चोथा अधिक. पण पाणी नसले तरी तग धरतो, वाईट जमिनीत उभा राहतो, रोगाला सहसा बळी पडत नाही. मळेवाल्याने ज्या जमिनी विकल्या होत्या त्यांत दुसरा ऊस नीट येणार कसा? म्हणून छोट्या शेतकऱ्याने उबा धरला होता. त्या वर्षी कारखानदारांनी उबाच्या भावात १५ टक्के काट जाहीर केली. कारखान्याच्या हिशोबाने पाहिले तर त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. उबात साखर कमी होतीच. पण वाईट जमीन विकावी त्यांनीच, आणि त्या जमिनीत जेवढे येते तेवढ्याबद्दल दंडही करावा त्यांनीच, हा न्याय कोणत्या शेतकऱ्याला पटेल? लोकांनी ऊस घालण्याचे नाकारले, मजुरांनी काम थांबविले, मळ्यांना आगी लागल्या. १३ ऑगस्ट रोजी युनियन फ्लाक येथील मळ्यावर जमावावर गोळीबार झाला व ४ माणसे ठार झाली. आदल्या वर्षीच डॉ. मॉरिस क्युरे यांनी स्थापन केलेल्या मजूर पक्षाला त्या दिवसांत खरे अनुयायी मिळाले.

चौकशीसाठी हूपर कमिशन नेमले गेले. मजुरांच्या संघांना मान्यता देणारा कायदा १९३८ मध्ये झाला आणि १९३९ मध्ये ऊस पिकविणारे व गाळणारे यांच्यातील तंट्यांसाठी एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. काट्यावर आणि उसातील साखरेच्या तपासणीवर तिऱ्हाइताची नजर आली. उसातून निघणाऱ्या साखरेतला शेतकऱ्याचा वाटा ठरविण्याची पद्धत रुळली, आणि हा वाटा पुढे वाढत वाढत ७८ टक्क्यांपर्यंत गेला. उबाचे काय झाले? तो मागे पडला. १९३२ च्या संकरातून बेटावरच तयार झालेला ‘एम १३४/३२’ हा ऊस १९३७ मध्येच शेतकऱ्यांना मिळू लागला, आणि १९५० नंतर तर बेटाच्या दहा आर्पांपैकी नऊ आर्पांत तोच दिसू लागला. चार माणसे मेली ती ज्या उसापायी, तो पंधरा वर्षांत शोधूनही सापडेनासा झाला.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. युरोपशी १९७५ मध्ये झालेल्या करारामुळे साखरेला तीसेक वर्षे चांगला, ठरलेला भाव मिळाला. त्या उसावर घरे पक्की झाली, मुले शिकली. २००६ पासून युरोपने भाव ३६ टक्क्यांनी उतरविण्यास सुरुवात केली आणि २००९ मध्ये तो करारच संपला. शिकलेली मुले आता कचेऱ्यांत आहेत. आर्पांभर उसासाठी तोडणीवाला मिळत नाही. हजारो छोट्या ऊसकऱ्यांनी शेती सोडली. कधी काळी अडीचशेहून अधिक असलेले कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कास्काव्हेलसारख्या गावी मराठी मंडळींची देवळे आहेत, गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते, झाकरीचा नाच अजून होतो. पण त्या नाचणाऱ्यांपैकी स्वतःचा ऊस असलेले फार थोडे.

जे उरले आहेत त्यांच्यासाठी सरकारने २००० नंतर एक योजना काढली. शेजारशेजारचे लहान तुकडे एकत्र करून त्यांचा सलग पट्टा करावयाचा, म्हणजे त्यात तोडणीचे यंत्र फिरेल. यंत्राच्या वाटेत दगड नकोत. म्हणून पणजोबाने दोन ओळींच्या मध्ये रचलेले ते बांध आता यंत्राने उपसतात आणि मालमोटारींत भरून नेतात. कोणाचा तुकडा कोठे संपत होता, ते त्या बांधांवरूनच कळत असे. आता ते नकाशावर पाहावे लागते.